केरीची दोन बाळं, एक कबुलीजबाब आणि कट्ट्यावरचं भांडण

विषय निघाला लिओ वराडकरवरून. म्हणजे नंद्याने काढला, कारण नंद्याचं गाव मालवण तालुक्यात, वराड तिथून जवळच, आणि वराडच्या डॉक्टरांचा मुलगा आयर्लंडचा पंतप्रधान झाला ही गोष्ट 2017 पासून आम्ही इतक्यांदा ऐकलीये की आता कोणी मान पण वर करत नाही. 2019 च्या डिसेंबरात लिओ वराडला येऊन गेला तेव्हा तर तो जणू नंद्याकडेच जेवायला आला होता अशा थाटात हा फिरत होता. पण ह्या वेळी आदित्य डब्लिनहून सुट्टीवर आलेला, त्यामुळे नंद्याला आयता श्रोता मिळाला.

आदित्य म्हणाला, "तुझ्या वराडकरने पंतप्रधान असताना सरकारच्या वतीने एका बाईची माफी मागितली होती, ते माहितीये का? 34 वर्षांनी."

नंद्या लगेच, "ती आपली बेळगावची सविता ना, गर्भपात नाकारल्यामुळे तिकडच्या हॉस्पिटलात दगावलेली?"

"सविता 2012 ची रे, गॉलवेची. ही 1984 ची, केरीची. जोअ‍ॅन हेझ."

आणि मग त्या एका नावावरून जे भांडण पेटलं ते टपरीवाल्याने शटर अर्धं खाली ओढलं तरी चालूच. भांडणारे म्हणजे जाधवकाका, पोलिसात हवालदारीपासून सुरुवात करून पीएसआय म्हणून रिटायर झालेले. वकील, त्याला सगळे वकीलच म्हणतात, बहुतेक घरी पण. प्राची, जिची अर्धी नोकरी लेबर रूममध्ये गेली. नंद्या, आदित्य आणि मी. मी बोललो कमी, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे.

आधी गोष्ट सांगतो, कारण आदित्यने पण आधी गोष्टच सांगितली आणि जाधवकाका तिसऱ्या वाक्याला आडवे आले तरी त्याने ती रेटून नेली.

केरी म्हणजे आयर्लंडचा नैऋत्य कोपरा, डोंगर, मेंढ्या, समुद्रात घुसलेली द्वीपकल्पं, आणि मधे मधे लहान गावं जिथे सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. 14 एप्रिल 1984 ला कॅहर्सिव्हीन गावाजवळच्या व्हाइट स्ट्रँड किनाऱ्यावर एका नवजात मुलाचा मृतदेह सापडला. मान मोडलेली, अंगावर सुरीचे 28 वार. कोणाचं बाळ, काही पत्ता नाही. अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या माणसाने त्याला बाप्तिस्मा दिला, जॉन नाव ठेवलं आणि गावच्याच दफनभूमीत पुरलं. तिकडच्या पोलिसांना गार्डा म्हणतात, त्यांचं खुनाचा तपास करणारं खास पथक डब्लिनहून आलं आणि कामाला लागलं, काम म्हणजे काय तर परिसरात अशी बाई शोधायची जी पोटुशी होती आणि आता नाहीये आणि बाळ पण दिसत नाहीये.

तशी बाई सापडली, पण 80 एक किलोमीटरवर, ट्रलीच्या उत्तरेला अ‍ॅबीडॉर्नी नावाचं खेडं आहे तिथे. जोअ‍ॅन हेझ, पंचविशीतली, ट्रलीच्या स्पोर्ट्स सेंटरला रिसेप्शनिस्ट, आई, मावशी, भावंडं सगळे एका शेतघरात. स्पोर्ट्स सेंटरलाच काम करणाऱ्या एका लग्न झालेल्या माणसाशी तिचं प्रकरण होतं, त्याच्यापासून आधीची एक मुलगी होती जिला ती घरातच सगळ्यांसमोर वाढवत होती, म्हणजे लपवाछपवी करणारी बाई नव्हे. दुसऱ्यांदा दिवस गेले तेही लोकांनी पाहिलेलं. एप्रिलमध्ये रक्तस्राव होतोय म्हणून ती ट्रलीच्या हॉस्पिटलला गेली, गर्भपात झाला म्हणाली, डॉक्टरांना तपासणीत वाटलं की हिची डिलिव्हरी झालेली आहे. मग बाळ कुठंय?

1 मे ला तिला आणि घरातल्या सगळ्यांना ट्रलीच्या पोलीस स्टेशनात आणलं. रात्रीपर्यंत जबाब तयार. घरात बाळ झालं, तिने त्याला मारलं, स्वयंपाकघरातली सुरी वापरली, आणि मग घरच्यांनी पिशवीत घालून गाडीतून डिंगल द्वीपकल्पाच्या टोकाला स्ले हेडला नेऊन समुद्रात टाकलं. एकाने नाही, घरातल्या माणसांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकमेकांशी जुळणारं सांगितलं आणि सह्या केल्या. तिच्यावर खुनाचा गुन्हा, भावंडं आणि मावशीवर बाळाचा जन्म लपवल्याचा.

इथे जाधवकाकांना राहवेना. "झालं की मग. एवढ्या जणांनी एकच सांगितलं म्हणजे काय सगळ्यांना एकच स्वप्न पडलं?"

"काका, थांबा ना जरा."

"नाही, मी थांबतो, पण तुम्ही लोक पोलिसांनी काही केलं की आधीच धरून चालता की मारलंच असणार. मारून एक माणूस बोलतो. पाच जण पाच खोल्यांत तपशिलासकट बोलत नाहीत."

वकील ह्याचीच वाट बघत होता. म्हणाला, "काका, तुमच्या अख्ख्या नोकरीत तुम्ही घेतलेला एक तरी कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालला का?"

"आपल्याकडे चालतच नाही, तो कायदाच तसा आहे."

"तेच! कलम 25, 1872 चा कायदा, आता नव्या साक्ष अधिनियमात 23. पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. इंग्रजांनी केला, आपल्यासाठी. आणि आयर्लंडवर पण तेव्हा राज्य त्यांचंच, पण तिकडे ही अट घातली नाही. तिकडे पोलिसासमोर सही केली की केस उभी."

आता गंमत बघा, जाधवकाकांना हे माहीत नव्हतं की तिकडे चालतं. क्षणभर त्यांना हेवा वाटल्यासारखं मला तरी दिसलं. मग म्हणाले, "बरं, पण त्याच जुन्या कायद्याचं 27 पण होतं, आता ते नव्या 23 मध्येच आलंय. आरोपीने सांगितलं की हत्यार अमुक ठिकाणी पुरलंय आणि तिथे ते निघालं, तर तेवढा भाग धरतात. कारण जे माणसाला खरंच माहीत असतं तेच निघतं. पोलिसाच्या कामात मी तेवढंच मानतो. बोलणं सोडा, निघालं काय ते सांग."

आदित्य खुर्ची पुढे ओढून बसला. "काका, तेच विचारा. निघालं काय?"

स्ले हेडवरून काही निघालं नाही. पण जोअ‍ॅन पहिल्यापासून एक गोष्ट सांगत होती, माझं बाळ आमच्या शेतातच आहे, जाऊन बघा. गार्डांनी शोधलं, म्हणाले नाहीये. आणि 2 मे ला, म्हणजे सह्या होऊन गुन्हा दाखल झाल्यानंतर, शेतातच डबक्यात प्लास्टिकच्या पिशवीत बाळ सापडलं. दुसरं बाळ. सुरीचा एकही वार नसलेलं.

कट्ट्यावर दोन सेकंद कोणी बोललं नाही आणि मग सगळे एकदम बोलले. वकिलाचं म्हणणं, काकांच्याच नियमाने गेलं तर त्या बाईच्या तोंडून निघालेली आणि पुराव्याने खरी ठरलेली गोष्ट एकच होती, आणि पोलिसांनी विश्वास नेमका तिच्यावर ठेवला नव्हता. बाकी सगळं, सुरी, गाडी, समुद्र, हे कोणाच्या डोक्यातून आलं? तिच्या तर नाही, कारण तिला ते माहीत असणं शक्यच नाही. मग ज्याला कॅहर्सिव्हीनच्या बाळाच्या जखमा माहीत होत्या त्याच्या डोक्यातून. आणि तिथे त्या वेळी अशी माणसं कोण होती, टेबलाच्या पलीकडे बसलेली.

काका चिडले. म्हणाले असं सरसकट बोलू नका. मग स्वतःच थोड्या वेळाने म्हणाले (हे मला आवडलं), की असं होतं. मुद्दाम करावं लागत नाही. आपल्याला उत्तर माहीत आहे असं एकदा मनाने घेतलं की प्रश्नच असे जातात, "सुरीने केलंस ना? कुठली सुरी? भाजी चिरायची?" आणि समोरची बाई चार रात्री झोपलेली नाही, घरी लहान पोर ठेवून आलीये, तिला फक्त हे संपवायचं असतं. ती हो म्हणते. मग भावाला सांगायचं, तुझी बहीण हो म्हणाली.

"मारहाण झाली का?" नंद्याने विचारलं.

कुटुंबाचं म्हणणं, दमदाटी झाली, हात उचलला. गार्डांचं म्हणणं, काही नाही, सगळे स्वखुशीने आले होते आणि स्वखुशीने बोलले. स्वखुशी ह्यासाठी की देशाच्या सुरक्षेशी संबंध नसलेल्या गुन्ह्यात चौकशीसाठी कोणाला स्टेशनात अडकवून ठेवायचा अधिकार तेव्हा तिकडच्या पोलिसांना कायद्याने नव्हताच. म्हणजे कागदोपत्री ते सगळे कधीही उठून घरी जाऊ शकत होते. वकील ह्यावर एवढा हसला की त्याला ठसका लागला.

आता दोन बाळं झाली, एक भोसकलेलं समुद्रकिनारी, एक शेतात. कोणीही शहाणा माणूस म्हणेल की ही दोन वेगळी प्रकरणं. तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला. जोअ‍ॅनचा गट ओ, त्या माणसाचा ओ, शेतातल्या बाळाचा ओ. किनाऱ्यावरच्या जॉनचा ए.

प्राची तोपर्यंत चहा संपवून गप्प बसली होती, ती म्हणाली, "संपलं. ओ आणि ओ ला ए होत नाही. हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो."

"नाही संपलं," आदित्य म्हणाला. "गार्डांनी सांगितलं की तिला जुळं झालं. दोन वेगळ्या पुरुषांपासून. एक ओ चा, एक ए चा. एक शेतात टाकलं, एक समुद्रात."

प्राची एवढ्या जोरात "काय?" म्हणाली की रिक्षा स्टँडवरचे वळून बघायला लागले.

असं होऊ शकतं बरं का. प्राचीनेच मान्य केलं. एकाच पाळीत दोन बीजांडं सुटली आणि थोड्या अंतराने दोन वेगळ्या पुरुषांशी संबंध आला तर जुळ्यांचे बाप वेगळे असू शकतात, वैद्यकशास्त्रात नोंदी आहेत, पण इतकं दुर्मिळ की अख्ख्या नोकरीत एकही बघायला मिळत नाही. "आणि काका, तुम्ही सांगा, तुमच्याकडे दोन शक्यता आहेत. एक, आपण चुकीच्या बाईला पकडलं. दोन, ही बाई जगातली लाखात एक केस आहे. तुम्ही कुठली धरणार?" काका म्हणाले पहिली. प्राची म्हणाली, "त्यांनी दुसरी धरली, कारण दुसरी धरायला एकच गोष्ट मान्य करायला लागते, की ही बाई तसलीच आहे. आणि ती तर त्यांनी आधीच मान्य केलेली."

त्या दुसऱ्या पुरुषाचा शोध पण कसा, तर तिच्या गादीवर एका माणसाचं नाव लिहिलेलं सापडलं. हा कोण? ह्याच्यावरून तर्क सुरू. शेवटी निघालं की तो गादी विकणाऱ्या फर्निचरच्या दुकानातला पोरगा. नंद्या हसला, मग प्राचीचा चेहरा बघून थांबला.

10 ऑक्टोबर 1984 ला सरकारी पक्षाने सगळे गुन्हे मागे घेतले. पेपरात बातमी फुटली, लोकांनी विचारायला सुरुवात केली की जे घडलंच नाही त्याची कबुली अख्ख्या कुटुंबाने कशी दिली, आणि न्यायमंत्री मायकल नूनन यांनी चौकशी न्यायाधिकरण नेमलं, न्यायमूर्ती केव्हिन लिंच. प्रश्न सरळ होता, पोलिसांनी काय केलं. जानेवारी 1985 ला ट्रलीत कामकाज सुरू झालं.

माझ्या मते ह्या प्रकरणातली सगळ्यात भयंकर गोष्ट पोलीस स्टेशनातली रात्र नाही. ती ह्या न्यायाधिकरणात आहे. कारण पोलीस घाईत चुकतात, ठीक आहे, पण इथे तर कोणी घाईत नव्हतं, भरपूर वेळ, भरपूर वकील, न्यायाधीश पुरुष, वकील पुरुष, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात पाच दिवस जोअ‍ॅन. विचारलं काय तर पहिला संबंध कधी, किती वेळा, कुठे, गर्भनिरोधक वापरलं का, अजून कोण होतं, त्या माणसावर प्रेम होतं की फक्त शरीराची ओढ. जुळ्यांची थिअरी सिद्ध करायची तर दुसरा पुरुष पाहिजे, दुसरा पुरुष पाहिजे तर बाईचं चारित्र्य उघडायला पाहिजे, असं ते गणित. ती कोसळली, तिला झोपेचं औषध द्यायला लागलं, आणि परत आणून उभी केली.

"आणि हे सगळं पोलिसांच्या चौकशीत," वकील म्हणाला. "आरोपी कोण होतं तिथे?"

इथे नंद्याने तो प्रश्न विचारला जो बहुतेक जण मनात ठेवतात. म्हणाला, "सगळं मान्य. पोलीस चुकले, जज चुकला. पण तिचं स्वतःचं बाळ? शेतातलं? ते तर मेलंच ना. ते कसं मेलं?"

प्राचीला राग आला, पण मला वाटतं प्रश्न चुकीचा नव्हता. न्यायाधिकरणाने ह्यावर स्वतः होऊन निकाल देऊन टाकला. जोअ‍ॅन म्हणत होती, रात्री बाहेर शेतात एकटीच बाळंत झाले, बाळ जगलं नाही, घाबरून लपवलं. तिची मावशी, जी स्वतः रिटायर्ड नर्स, तिने सांगितलं की बाळ घरात झालं. ऑक्टोबर 1985 च्या अहवालात लिंचसाहेबांनी मावशीचं धरलं आणि पुढे जाऊन लिहिलं की जोअ‍ॅननेच बाळाचा गळा दाबला. सरकारी पॅथॉलॉजिस्टला तर हेही खात्रीने सांगता आलं नव्हतं की ते बाळ जन्मल्यावर स्वतंत्रपणे जगलं होतं का. ह्या बाळाबद्दल तिच्यावर कधी गुन्हा नाही, खटला नाही, ज्युरी नाही, आणि तरी सरकारी छापखान्यातून छापून आलं की ही आई खुनी आहे. आणि त्याच अहवालात कुटुंबाला मारहाण झाल्याचं मात्र मान्य केलं नाही.

"कोणी सोबत नसताना, अंधारात, नाळ कापायला काही नाही," प्राची म्हणाली, "बाळ रडलं नाही तर काय करायचं हे तिला माहीत नाही, स्वतःला रक्तस्राव होतोय. नंद्या, मी अशा बाळंतिणी बघितल्यात ज्या नंतर तास तास सांगू शकत नाहीत की नेमकं काय झालं, कारण त्यांना खरंच आठवत नाही. तू तिला घड्याळ लावून विचारणार का?"

नंद्या म्हणाला, मी फक्त विचारलं. वकिलाने मधे माहिती टाकली की आयर्लंडमध्ये 1949 पासून ह्यासाठी वेगळा कायदाच आहे, बाळंतपणाने मनाचा तोल गेलेल्या आईने वर्षाच्या आतल्या बाळाला मारलं तर तो खून धरत नाहीत, सदोष मनुष्यवधासारखी शिक्षा. म्हणजे तिने केलं असतं असं धरलं तरी तिला खुनी म्हणणं त्यांच्याच कायद्यात बसायचं नाही. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, जन्म लपवल्याचं कलम तेवढं आहे. जाधवकाका म्हणाले दंड संहितेचं 318, आता नव्या न्याय संहितेत 94, मी लावलंय ते. कोणावर, ते बोलले नाहीत, आम्ही विचारलं नाही.

मग भांडण वळलं ते गावाकडे. प्राचीचं म्हणणं, अशा खेड्यात बाईला जागाच नव्हती. आदित्य म्हणाला तू अर्धं बरोबर आहेस. 1983 च्या सप्टेंबरात, म्हणजे ह्या बाळांच्या फक्त सात महिने आधी, त्या देशाने जनमत घेऊन घटनेत लिहिलं होतं की पोटातल्या जिवाला आईइतकाच जगण्याचा हक्क, सुमारे 67 टक्के बाजूने. गर्भनिरोधक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही आणि ती चिठ्ठी पण संसारी लोकांसाठी. घटस्फोट तर 1995 च्या जनमतापर्यंत नाहीच, त्यामुळे जोअ‍ॅनच्या त्या माणसाने उद्या ठरवलं असतं तरी तो बायकोपासून कायद्याने सुटू शकला नसता. आणि त्याच 1984 च्या 31 जानेवारीला ग्रॅनार्ड गावात अ‍ॅन लव्हेट नावाची 15 वर्षांची शाळकरी पोर मेरीच्या पुतळ्याजवळ पावसाळी दुपारी एकटी बाळंत झाली, तिथेच बाळ गेलं आणि त्याच दिवशी ती पण. त्याआधीच्या पिढ्यांत तर अशा मुलींना थेट नन्सच्या आश्रमात टाकायचे. ट्यूमच्या एका आश्रमात 796 पोरं दगावल्याची नोंद स्थानिक इतिहास शोधणाऱ्या कॅथरीन कॉर्लेस यांनी दाखले गोळा करून काढली, आणि 2021 च्या सरकारी अहवालात अशा 18 संस्थांमध्ये मिळून सुमारे 9000 मुलं गेल्याचं आलं.

"मग माझं अर्धं चूक कुठलं?" प्राचीने विचारलं.

"गाव. अ‍ॅबीडॉर्नीचे लोक फलक घेऊन ट्रलीला न्यायाधिकरणाच्या बाहेर उभे राहिले, तिच्या बाजूने. शेजारीपाजारी, शेतकरी लोक. आणि देशभरातून बायकांनी तिला पिवळे गुलाब पाठवले, फुलवाल्यांकडून, ढिगाने. तिला लाज वाटावी म्हणून जे सगळं चाललेलं ते डब्लिनहून आलेल्या सुटाबुटातल्या लोकांनी. खेड्याला तिचं सगळं आधीपासून माहीत होतं, आणि पहिल्या मुलीसकट त्यांनी तिला धरून ठेवलेलं होतं."

हे मला नवीन होतं. आपण अशा गोष्टीत पटकन म्हणतो गावाने छळलं, आणि शहरातल्या शिकलेल्यांना सोडून देतो. प्राची म्हणाली ठीक आहे, गावाबद्दल मागे घेते, पण मग ते गाव कॅहर्सिव्हीन पण आहे ना, जिथे कोणीतरी एका बाळाला भोसकून टाकलं आणि कोणी ब्र काढला नाही?

आणि इथे जाधवकाका पुन्हा बोलले, ह्या वेळी पोलीस म्हणून. "तेच मी मघापासून म्हणतोय, जॉनचं काय? तुम्ही सगळे त्या बाईबद्दल भांडताय, कोर्ट त्या बाईबद्दल भांडलं, पेपर तिच्याबद्दल भांडले. ज्या बाळाला 28 वार केले त्याचा तपास 1 मे 1984 ला थांबला. एप्रिलचे दोन आठवडे काय ते काम झालं असेल. एकदा कबुली हातात आली की पहिल्या गावात घरोघरी फिरायला कोण जातो?"

हे खरं आहे. आणि मला वाटतं पोलिसांनी त्या कुटुंबाचं जे केलं ते आणि जॉनला न्याय न मिळणं ह्या दोन तक्रारी नाहीतच, एकच आहे. खोटी कबुली निर्दोषाला अडकवते हे सगळे सांगतात, पण ती खऱ्या गुन्हेगाराला घरी बसवते, आरामात, हे कमी लोक बोलतात. जॉनच्या कबरीवरचा दगड तर पुढे कितीतरी वेळा कोणीतरी फोडला. दगडावर फक्त केरी बेबी, जॉन आणि मी क्षमा करतो, अशा अर्थाचं लिहिलेलं. ते कोणाला एवढं खुपत होतं हा प्रश्न काकांनी दोनदा विचारला.

पुढचं आदित्यने भराभर सांगितलं. डीएनए फिंगरप्रिंटिंगचा शोधच इंग्लंडात लेस्टरला 1984 च्या सप्टेंबरात लागला, म्हणजे ह्या केसला थोडक्यात हुकला. 2018 च्या जानेवारीत गार्डांनी जाहीर केलं की जपून ठेवलेल्या नमुन्याची चाचणी केली, जोअ‍ॅन जॉनची आई नाही. लेखी माफी. मग वराडकरची माफी. (नंद्या: "बघा!" वकील: "त्यात त्याचं काय कर्तृत्व, बाई 34 वर्षं थांबली ते बघ ना.") त्याच वर्षी मे मध्ये ते 1983 चं घटनेतलं कलम लोकांनीच 66 टक्क्यांनी काढून टाकलं, आणि त्यामागे सविता हलप्पनवारचा फोटो घेऊन रस्त्यावर आलेले लोक होते, गॉलवेच्या हॉस्पिटलात गर्भ वाचणार नाही माहीत असूनही ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला आणि रक्तात विष पसरून 31 व्या वर्षी गेली ती. 2020 च्या डिसेंबरात डब्लिनच्या हायकोर्टात सरकारने मान्य केलं की जोअ‍ॅन आणि तिच्या भावंडांवरचे आरोप आणि न्यायाधिकरणाने त्यांच्यावर ठेवलेले दोषाचे निष्कर्ष, सगळं बिनबुडाचं होतं, नुकसानभरपाई दिली. म्हणजे लिंचसाहेबांचा अहवाल 35 वर्षांनी रद्दीत.

सप्टेंबर 2021 ला पहाटे जॉनची कबर उघडून नमुने घेतले. मार्च 2023 ला साठीतला एक पुरुष आणि पन्नाशीतली एक बाई, दोघांना खुनाच्या संशयावरून अटक झाली, चौकशी करून गुन्हा दाखल न करता सोडलं, फाइल सरकारी वकिलांकडे पाठवणार असं तेव्हा सांगितलं.

ह्यावर शेवटचं आणि सगळ्यात वाईट भांडण झालं.

काका म्हणाले, खुनाला मुदत नसते, लावा केस.

प्राची म्हणाली, "पन्नाशीतली बाई. काका, हिशोब करा ना. 1984 ला ती किती वर्षांची असेल? फार तर वीस. तुम्ही परत एका पोरीलाच पकडताय." आणि मग स्वतःच म्हणाली की पण 28 वार, ते मी पण विसरू शकत नाही, ते घाबरून लपवणं नाही.

वकील म्हणाला, अटक म्हणजे दोष नाही, एवढं तरी ह्या केसवरून शिका, ते दोघे आत्ता कायद्याने निर्दोष आहेत, आणि त्यांच्याबद्दल आपण कट्ट्यावर असं बोलणं म्हणजे आपण लिंच झालो.

काका भडकले. "मग जॉनसाठी कोणीच बोलायचं नाही का? आधी चुकीची बाई होती म्हणून नाही, आता जुनं झालं म्हणून नाही?"

"बोला ना. पण पुराव्यावर बोला. तुम्हीच म्हणालात, निघालं काय ते सांग."

"डीएनए निघेल."

"डीएनए आईबाप कोण ते सांगेल, काका. सुरी कोणाच्या हातात होती ते नाही सांगणार. त्यासाठी तुम्हाला परत कोणालातरी खोलीत बसवून विचारायला लागेल."

काका म्हणाले मग विचारा, पण ह्या वेळी कॅमेरा लावून विचारा आणि वकील शेजारी बसवून. वकील म्हणाला, हे तुम्ही म्हणताय? काका म्हणाले, हो, मीच म्हणतोय, माझ्या वेळी लावला असता तर मला पण सोपं गेलं असतं. कोणाच्या केसमध्ये, असं नंद्याने विचारलंच ह्या वेळी, आणि काकांनी टपरीवाल्याला पैसे विचारले.